बार्शी लाईटचे छोटे स्थानक : स्थानिक इतिहासाचा एक पाठ



१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परीक्षेत त्यावर एक गुण मिळतो आणि विषय तेथेच संपतो. पण ती आगगाडी आपल्या भागात कधी आली, कोणासाठी आली, तिने कोणाचे काय बदलले आणि कोणाचे काहीच बदलले नाही, हे प्रश्न पाठ्यपुस्तक विचारीत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका अगदी लहान विषयाची निवड केली आहे. तो विषय म्हणजे, आपल्या भागातून एके काळी धावणाऱ्या आणि आता बंद झालेल्या छोट्या रेल्वेचे खेडेगावचे स्थानक.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील मोठे गाव असले तरी ते रेल्वेमार्गावर नाही. आपल्या पूर्वेला मोडनिंब आणि आष्टी ही स्थानके आहेत, उत्तरेला कुर्डूवाडीचे जंक्शन आणि दक्षिणेला पंढरपूर. आज या मार्गावर ब्रॉड गेजच्या मोठ्या गाड्या धावतात. परंतु तुमच्या आजी-आजोबांना विचाराल, तर ते ज्या गाडीची आठवण सांगतील ती ही नव्हे. ती होती 'बार्शी लाईट'. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी छोटी गाडी. तिची स्थानकेही तिच्यासारखीच लहान होती. अशा स्थानकाचा अभ्यास करताना आम्ही चार प्रश्न हाती घेतो. ते बांधले कोणी व कशासाठी? त्याच्या फलकावर नाव कोणाचे लागले? तेथे काम कोणाला मिळाले? आणि स्थानकाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर माणसाला कोणती वागणूक मिळाली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रेल्वेच्या इतिहासात सहज सापडतात. पुढच्या दोहोंची उत्तरे मात्र आपल्या माणसांच्या इतिहासात शोधावी लागतात.

प्रथम बांधणीचा प्रश्न घेऊ. जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मोठा मार्ग १८६०च्या आसपास सोलापूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गाने बार्शी शहर बाजूला टाकले. बार्शी ही त्या काळची कापसाची आणि धान्याची मोठी पेठ होती, आणि तिच्यापासून सर्वांत जवळचे स्थानक एकवीस मैलांवर होते. बार्शीचा माल बैलगाड्यांतून तेथपर्यंत जाई. त्या स्थानकाचे नावच 'बार्शी रोड' पडले. आजचे कुर्डूवाडी ते हेच. बैलगाडीच्या या एकवीस मैलांत नफा आहे, हे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरले. तो १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. पुढे त्याने लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन केली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला.

'लाईट' या शब्दाचा येथे अर्थ 'हलकी' असा आहे. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर असते. बार्शी लाईटचे हे अंतर ७६२ मिलिमीटर होते. रूळ अरुंद आणि हलके असले की भराव कमी लागतो, पूल लहान चालतात आणि वळणे जवळजवळ घेता येतात, त्यामुळे खर्च उतरतो. परंतु हलक्या रुळांवर जड इंजिन चालत नाही. कॅलथ्रॉपने यावर असा उपाय योजला की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही. इंग्लंडमधील लीड्स येथील किट्सन कंपनीने त्याच्यासाठी अनेक चाकांची इंजिने बांधली. त्यामुळे भार अनेक आसांवर विभागला गेला. पुढे जगात जे छोटे रेल्वेमार्ग बांधले गेले, त्यांच्या अभ्यासात बार्शीचे नाव आदराने घेतले जाते. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र या बचतीची दुसरी बाजूही होती. दोन मार्गांची रुंदी वेगळी असल्याने छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नसे. म्हणून कुर्डूवाडीला प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. रुळांवर वाचवलेला पैसा अशा रीतीने हमालाच्या पाठीवरून वसूल होत होता.

मार्ग हळूहळू वाढत गेला. १९०६ साली तो कुर्डूवाडीहून पंढरपूरला पोहोचला. दुसऱ्या बाजूला १९०७ साली बार्शीपुढे तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत गेला. १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ पडले आणि लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. कापूस, धान्य, गुरांच्या बाजाराचे व्यापारी आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी यांवर कंपनीचा डोलारा उभा होता.

आता दुसरा प्रश्न, फलकावरील नावाचा. या मार्गावरील स्थानकांची नावे नीट वाचा. बार्शी रोड, औसा रोड, कळंब रोड, जत रोड. 'रोड' याचा अर्थ असा की त्या नावाचे गाव येथे नाही, तेथे जाण्याचा रस्ता येथून फुटतो. ज्या गावाच्या शिवारात स्थानक उभे राहिले, त्याचे नाव फलकावर येण्याऐवजी दूरच्या पेठेचे किंवा राजधानीचे नाव आले. जमीन खेड्याची आणि नाव बाजारपेठेचे, असा हा व्यवहार होता. रेल्वे कोणासाठी आली, याचे उत्तर फलकच देतो. तरीही रेल्वे खेड्यात आली होती, आणि तिने नकळत एक अशी गोष्ट सोबत आणली जी खेड्याने पूर्वी पाहिली नव्हती. ती गोष्ट म्हणजे तिकीट.

तिकीट हा पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा होता. त्यावर कोठून कोठे आणि किती पैसे एवढेच छापलेले असे, जात छापलेली नसे. ज्याने पैसे दिले त्याला त्या डब्यात बसण्याचा हक्क मिळाला. ज्या गावात पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, स्मशान वेगळे, त्या गावाच्या शेजारी लाकडी बाकावर कोणीही कोणाच्याही शेजारी बसेल, अशी ही व्यवस्था होती. कार्ल मार्क्स याने १८५३ सालीच न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात असे भाकीत केले होते की, रेल्वेतून उभा राहणारा उद्योग हिंदुस्थानातील वंशपरंपरागत श्रमविभागणी आणि पर्यायाने जातीचा पाया विरघळवून टाकील. हे भाकीत कितपत खरे ठरले, हे तपासण्यासाठी आपल्याला तिसरा आणि चौथा प्रश्न विचारावा लागतो.

चौथा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवले आहे. प्रसंग १९०१ सालचा आणि स्थानक सातारा भागातील मसूरचे आहे. वडील सुभेदार रामजी तेव्हा गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने निघाली. नवे कपडे होते, जरीच्या टोप्या होत्या, खिशात तिकिटे होती. गाडीत त्यांना कोणी काही म्हटले नाही. मसूरला उतरल्यावर वडिलांकडून कोणी घ्यायला आलेले नव्हते, कारण मुलांचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. स्टेशन मास्तर आस्थेने चौकशी करू लागला. मुलांनी आपण महार आहोत असे सांगताच त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. भाड्याच्या बैलगाड्या समोर उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला. त्याची अट अशी की गाडी मुलांनी हाकावी आणि तो पायी चालेल. रात्रभर प्रवास झाला. जवळ जेवण होते, पण पाणी मिळेना म्हणून मुले उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपार होण्याच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या प्रसंगातून आपण काय शिकावे? तिकिटाने दिलेला हक्क फलाटाच्या कडेला संपला. रुळांवर कंपनीचा नियम चालत होता आणि फाटकाबाहेर गावाचा. एवढेच नव्हे, तर गावाचा नियम स्टेशन मास्तरच्या चेहऱ्यावरून फलाटावरही आला होता. रेल्वेने अंतर कापले, जात कापली नाही. मार्क्सचे भाकीत मसूरच्या फलाटावर अडले.

तिसरा प्रश्न कामाचा. खेडेगावच्या स्थानकात मोजकी माणसे काम करीत. तिकीटखिडकी आणि तारयंत्र सांभाळणारा स्टेशन मास्तर, सांधे बदलणारा पॉइंट्समन, दिवे लावणारा, घंटा देणारा आणि सामान उचलणारा पोर्टर. स्थानकाबाहेर उन्हापावसात रूळ ठोकणारी, खडी भरणारी गँगमनची टोळी असे. मार्ग एकेरी असल्याने पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सुटत नसे. एका माणसाची चूक शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतली असती, इतकी ही जबाबदारीची कामे होती. रेल्वेच्या नोकरीने दलित समाजातील अनेकांना रोख पगार दिला, ही लहान गोष्ट नव्हे. बलुत्याची भाकरी दारोदार मागावी लागते, पगार मात्र हक्काने हातात पडतो. परंतु हा पगार कोणत्या कामाचा होता?

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच परिषदेतील आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील नोकऱ्यांचे जे बारकाईने विश्लेषण केले, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधे पोर्टरही केले जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. याचे कारणही सांगितले. पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरकाम करून घेतो, आणि ज्याच्या हातचे पाणी चालत नाही तो घरात कसा चालेल? म्हणजे रूळ अस्पृश्याच्या हाताने ठोकलेला चालत होता, त्या रुळावरून गाडी बिनदिक्कत जात होती, पण त्याच हाताने फलाटावरचा कंदील लावलेला चालत नव्हता. छोट्या स्थानकाच्या इमारतीकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्या भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नव्हते, तरी ते पाळले जात होते.

आपल्या जवळच्या पंढरपूरचे उदाहरण याच दृष्टीने पाहू. १९०६ साली छोटी रेल्वे पंढरपुरात आली. तेव्हापासून तिने सर्व जातींच्या वारकऱ्यांना एकाच गाडीतून चंद्रभागेच्या काठी आणून सोडले. पण मंदिराचा दरवाजा अस्पृश्यांसाठी उघडला तो १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात केलेल्या उपोषणानंतर. मधली एक्केचाळीस वर्षे रेल्वे माणसाला गावापर्यंत आणीत होती, पायरीपर्यंतच. ज्या पायरीशी संत चोखामेळ्याची समाधी आहे, ती ओलांडण्यास इंजिनाची शक्ती उपयोगी पडली नाही. बाबासाहेबांचा मार्ग तर याहून पुढचा होता. मंदिराच्या दारात ताटकळण्यापेक्षा शिक्षण, संघटना आणि स्वाभिमान यांची कास धरा, असे ते सांगत होते. गाडगे महाराजांनी पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, या घटनेचा अर्थ त्या संदर्भात समजून घ्यावा. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची जागा विद्येच्या कामी आली. तुम्ही आज ज्या निवासी शाळेत राहून शिकत आहात, तिची परंपरा अशा घटनांतून आलेली आहे.

आता या मार्गाच्या दुसऱ्या फाट्यावर, तडवळ्याला जाऊ. कसबे तडवळे आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९०७ ते १९११ अशी चार वर्षे बार्शी लाईटचा मार्ग येथे येऊन थांबत होता, कारण पुढचा मार्ग निजामाच्या मुलखातून न्यायचा होता. मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थान यांच्या सीमेवरचे हे गाव. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना सोयीचे आणि रेल्वेने जोडलेले गाव म्हणून तडवळ्याचे महत्त्व होते, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांचा मुक्काम गावातील शाळेत होता. त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, आणि तिची आठवण गाव आजही जपते.

या परिषदेचा विषय नीट समजून घेतला पाहिजे. महार वतन म्हणजे गावकीची आणि सरकारची पडेल ती कामे वंशपरंपरेने करण्याचे बंधन. टपाल पोहोचवणे, अधिकाऱ्याचे ओझे वाहणे, मेलेले जनावर ओढणे, रात्री-अपरात्री हाक आली की धावणे. त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते, पण ते मंजूर झाले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव, फेब्रुवारी १९४१ मध्ये तडवळे, ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर, अशी परिषदांची मालिका सुरू राहिली. रेल्वे दाराशी आली म्हणून वतन सुटत नाही. तिकीट काढण्यासाठी रोख पैसा लागतो, आणि वतनदाराजवळ तोच नसतो. शिवाय गाव सोडले तर जमीनही जाते. म्हणून तडवळ्याला महार आणि मांग समाजाचे लोक एका मंडपात बसले, ही गोष्ट आम्ही रूळ पडण्याइतकीच महत्त्वाची मानतो. शेवटी १९५८च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने हे बंधन कायद्याने संपले.

मसूर आणि तडवळे ही दोन नावे शेजारी ठेवा. मध्ये चाळीस वर्षे आहेत. १९०१ साली तिकीट खिशात असलेल्या मुलाला स्थानकाबाहेर बैलगाडी मिळेना. १९४१ साली त्याच मुलासाठी एका खेड्याने बैलगाड्या सजवल्या. या चाळीस वर्षांत बैलगाडी तीच होती. बदलली ती माणसे. त्यांना बदलणारी शक्ती वाफेची नव्हती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची, परिषदांची, वृत्तपत्रांची आणि वसतिगृहांची ती शक्ती होती. रेल्वेने माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची सोय दिली. दुसऱ्या ठिकाणी उतरल्यावर माणूस म्हणून उभे राहण्याची सोय चळवळीने दिली. दोहोंपैकी एकीचाच इतिहास लिहिला तर तो अर्धा राहतो.

छोट्या रेल्वेचा शेवटही आपण पाहिला पाहिजे. १९५४ साली सरकारने बार्शी लाईट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली होती, आणि पुढील काळात एस.टी. व मालमोटारी थेट गावात येऊ लागल्या. छोट्या गाडीचा वेग आणि कुर्डूवाडीची अदलाबदल या स्पर्धेत टिकणे कठीण होते. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत हा सर्व मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉड गेज झाला. लातूरकडे जाणारा नवा मार्ग धाराशिव शहरातून नेण्यात आला, ज्या शहराला जुन्या मार्गाने वगळले होते. लातूरचे जुने स्थानकही मागे पडले आणि शहराबाहेर नवे स्थानक झाले. रुंद रुळांनी अंतर आणखी कमी केले, हे चांगलेच झाले. मात्र रूळ बदलतात तेव्हा जुने फलाट, जुनी तिकीटखिडकी, जुने मालधक्के निरुपयोगी ठरतात, आणि त्यांच्याबरोबर तेथे राबलेल्या माणसांच्या आठवणीही निरुपयोगी समजल्या जातात. अभियंत्याचे नाव पुस्तकात राहते. गँगमनचे नाव त्याच्या घरातच राहते, आणि एक-दोन पिढ्यांनंतर तेथेही राहत नाही.

म्हणून आम्ही तुम्हाला एक काम देत आहोत. सुटीत गावी जाल तेव्हा मोडनिंब, आष्टी, कुर्डूवाडी, पंढरपूर, सांगोला, बार्शी या पट्ट्यात छोट्या रेल्वेवर राबलेल्या माणसांची घरे शोधा. आपल्या नात्यातच एखादे सापडेल. त्यांना विचारा, पहिला पगार किती होता, काम कोणते होते, बढती मिळाली का, स्थानकावरील माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेता येत होते का. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घ्या, आपल्या पुस्तकी भाषेत बदलू नका. तारीख सांगता आली नाही तर कोणता दुष्काळ, कोणती निवडणूक, कोणाचे लग्न, असे विचारून काळ ठरवा. एकाच्या सांगण्यावर विसंबू नका, दुसऱ्याकडून पडताळून घ्या. जुना पास, पगाराची चिठ्ठी, छायाचित्र दिसल्यास मागून नेऊ नका, तेथेच नक्कल करा. वही भरल्यावर ती शाळेच्या ग्रंथालयात जमा करा.

इतिहास हा राजांचा, कंपन्यांचा आणि अभियंत्यांचा असतो, अशी समजूत आपल्या मनात बसवली गेली आहे. बाबासाहेबांनी मसूरचा प्रसंग लिहून ठेवला नसता, तर त्या संध्याकाळची कोणतीच नोंद जगात उरली नसती. स्टेशन मास्तरच्या दप्तरात फक्त विकल्या आणि जमा झालेल्या तिकिटांचा हिशेब असतो. त्या तिकिटांमागे कोण होते आणि त्यांच्यावर काय गुदरले, हे ज्याने सोसले त्यालाच लिहावे लागते. तुमच्या हाती आता लेखणी आहे. तिचा पहिला उपयोग आपल्या घरातील माणसांसाठी करा.

जय भीम!